वेलचा वॉटर कट वाढतोय? रिग मागवायच्या आधी एवढं बघून घ्या

तेलाच्या विहिरीतून, म्हणजे वेलमधून, जे लिक्विड वर येतं त्यातला पाण्याचा टक्का म्हणजे वॉटर कट. परवा रात्री साडेदहाला एका ज्युनिअरचा फोन, सर अमक्या वेलला एकदम ९५ टक्के पाणी आलंय, जेल जॉब (खाली जेल पंप करून पाणी अडवणं) लावू का. मी म्हटलं बाळा आधी सॅम्पल कुठून घेतलं ते सांग, तर पलीकडून नुसतं अं अं. हा फोन मला वर्षातून आठ-दहा वेळा येतो, माणूस बदलतो, वेल नंबर बदलतो, बाकी संवाद तोच. म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकावं.

मी मूळचा जळगावकडचा, नोकरी सगळी गुजरातेत, जमिनीवरच्या फील्डवर प्रॉडक्शनला. खंभातचं बेसिन म्हणजे वयस्कर मंडळी, लुणेजला १९५८ साली तेल लागलं आणि अंकलेश्वरला १९६० ला, त्यामुळे इथल्या वेलला पाणी येणं म्हणजे आजोबांचे गुडघे दुखणं, त्यात नवल काही नाही. जगभरातसुद्धा २००० सालच्या सुमारास १ बॅरल तेलामागे साधारण ३ बॅरल पाणी वर येतं असाच अंदाज होता. तेव्हा पाणी शून्य करायच्या नादी लागू नका. जे पाणी तेलाला पुढे ढकलत आणतंय ते येऊ द्यायचं, जे आडवाटेने तेलाला हात न लावता थेट वेलमध्ये घुसतंय तेवढंच बंद करायचं. आणि हे दोन वेगळे कसे ओळखायचे त्याचीच ही सगळी कटकट.

लक्षणं

एकूण लिक्विड तेवढंच किंवा थोडं जास्तच, पण तेल घटलंय. हे सगळ्यात कॉमन.

गॅस लिफ्टची (खाली गॅस सोडून लिक्विड वर उचलणारी) वेल असेल तर गॅस तेवढाच देऊनही वेल धापा टाकते, कधी कधी बंदच पडते. कारण साधं आहे, १००० मीटरचा कॉलम ०.८५ वजनाच्या तेलाचा असेल तर खाली साधारण ८५ केजी (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर लागतं, तोच पाण्याने भरला की १००, वर क्षार असतील तर अजून जास्त. हे वरचे १५ केजी आणायचे कुठून. एसआरपी (रॉडने वरखाली चालणारा पंप) असेल तर पॉलिश्ड रॉडचा, म्हणजे सगळ्यात वरच्या रॉडचा, लोड वाढलेला दिसतो.

इमल्शन (तेल-पाण्याचं घुसळलेलं मिश्रण) घट्ट होतं, जीजीएसवाले (वेलींचं तेल गोळा करणारं स्टेशन) डेमल्सिफायर (तेल-पाणी वेगळं करणारं केमिकल) जास्त लागतंय म्हणून बोंब मारतात, ईटीपीवाले (सांडपाणी शुद्ध करणारे) तर रोजच मारतात. ट्यूबिंगमध्ये (वेलच्या आतल्या नळीत) स्केल म्हणजे क्षारांचा थर, पंपात वाळू, फ्लोलाइनला गंज, हे पाण्याच्या मागोमाग येणारे पाहुणे.

आणि पाणी वाढलं कसं ते लिहून ठेवा. एका रात्रीत ३० वरून ९० झालं का, की दोन वर्षांत हळूहळू चढलं? एकदम उडी म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी फुटलंय, तुटलंय किंवा कुणीतरी काहीतरी फिरवलंय. हळूहळू म्हणजे रिझर्व्हायरचं स्वतःचं काहीतरी चाललंय. हा नियम दगडावरची रेघ नाही पण सुरुवात इथूनच करा.

आधी मोजमाप तपासा, फुकट आहे

हसू नका. मी बघितलेल्या "पाणी वाढलं" केसेसपैकी बऱ्याच इथेच मिटल्यात.

४० घनमीटर लिक्विड देणारी वेल घ्या. ९० टक्के पाणी म्हणजे तेल ४. ९५ टक्के म्हणजे तेल २. पाच टक्क्यांच्या फरकात तेल निम्मं झालं! आणि ९६ च्या जागी ९८ वाचलं तर १.६ चं ०.८. म्हणजे वरच्या टोकाला दोन टक्क्यांची चूक झाली की कागदावर निम्मं तेल गायब होतं, आणि सॅम्पलमध्ये दोन टक्के चुकायला काही लागत नाही हो, बाटली भरताना हात हलला तरी चुकतं. म्हणून मी टक्केवारी बघतच नाही, पाणी भागिले तेल बघतो. ९० टक्क्यांना ९, ९५ ला १९, ९८ ला ४९. आकडा कसा पळतो ते लगेच डोळ्यात भरतं.

सॅम्पल नेहमी ठरलेल्या पॉइंटवरून, आधी कॉक उघडून थोडं वाहू द्यायचं, एक बाटली नाही तर अर्ध्या-अर्ध्या तासाने निदान चार-पाच. वेल स्लगमध्ये, म्हणजे गचके देत, वाहत असेल तर एकदा नुसतं पाणी येतं आणि पुढच्या बाटलीत जवळजवळ नुसतं तेल. डेमल्सिफायर टाकून, गरम करून, सेंट्रिफ्यूज फिरवून मगच वाचायचं, नाहीतर इमल्शनमध्ये अडकलेलं पाणी तेल म्हणून मोजलं जातं आणि महिन्याने केमिकल बदललं की "पाणी वाढलं" म्हणून फोन येतो.

आता व्हॉल्व्हची गोष्ट, ही माझ्या पापाची कबुली आहे. एका वेलला ७० वरून ९२ झालं. आम्ही मीटिंगा केल्या, लॉग (वेलमध्ये यंत्र उतरवून मोजणी) केला, रिग (वेलमध्ये दुरुस्ती करायचा मनोरा) लावली, खालची पर्फोरेशन (वेलच्या बाहेरच्या पाइपला, म्हणजे केसिंगला, पाडलेली भोकं) सिमेंटने बुजवली, तीन आठवडे गेले. वेल चालू केली, पाणी ९१. मी जीजीएसवर टेस्ट हेडरपाशी (जिथून एकेक वेल मोजायला वळवतात) डोकं धरून बसलो होतो तेव्हा तिथला ऑपरेटर, सगळे त्याला काका म्हणायचे, त्याने शेजारच्या वेलच्या बंद व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपवर हात ठेवला आणि म्हणाला साहेब हा तर गरम आहे. बंद व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप गरम कशाला असेल? शेजारची वेल जवळजवळ नुसतं पाणीच द्यायची आणि तिचा व्हॉल्व्ह बंद असूनही आतून गळत होता, ते सगळं आमच्या टेस्टमध्ये मोजलं जात होतं. सीट बदलली, ७३ वर आलं. रिगचा खर्च मी इथे लिहीत नाही, मनाला लागतं.

तेव्हापासून माझा नियम असा की टेस्ट घ्यायच्या आधी आपली वेल वेलहेडवर बंद करायची आणि टेस्ट सेपरेटरमध्ये लिक्विड येणं थांबतंय का बघायचं. नाही थांबलं तर तुमच्या वेलला आजार नाहीच, आजार हेडरला आहे.

कुठलं पाणी आहे? लॅबला विचारा

हा चेक इतका स्वस्त आहे की न करणाऱ्याला मी माफच करत नाही. पाण्याचा क्लोराइड काढायचा, पोटॅशियम क्रोमेटचा पिवळा रंग, वरून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब, विटकरी झालं की वाचन घ्या, कॉलेजात केलेलं टायट्रेशनच आहे. सोबत सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम. मग हे आकडे वेलच्या पहिल्या दिवसांतल्या फॉर्मेशन वॉटरच्या (खडकातल्या मूळच्या पाण्याच्या) आकड्यांशी ताडून बघायचे.

समुद्राच्या पाण्यात क्लोराइड लिटरला १९ ग्रॅमच्या आसपास आणि सल्फेट २.७ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जिथे समुद्राचं पाणी इंजेक्ट करतात, आपल्या मुंबई हायवर १९८४ पासून चालू आहे, तिथे प्रोड्युसरच्या (तेल देणाऱ्या वेलच्या) पाण्यात सल्फेट वर सरकायला लागलं की इंजेक्टरचं (पाणी आत सोडणाऱ्या वेलचं) पाणी पोहोचलं समजायचं. तेच सल्फेट फॉर्मेशनच्या बेरियमला भेटलं की असं स्केल बसतं की ॲसिडलाही दाद देत नाही. पोटॅशियम जास्त आणि वर्कओव्हर (रिग लावून केलेली दुरुस्ती) नुकताच झालेला? मग ते तुमचंच किल फ्लुइड (दुरुस्तीच्या वेळी वेल दाबून ठेवायला भरलेलं खारं पाणी) आहे, २ टक्के पोटॅशियम क्लोराइडच्या ब्राइनमध्ये क्लोराइडच लिटरला साडेनऊ ग्रॅम भरतो, त्याला फॉर्मेशन वॉटर समजून रडत बसू नका. आणि क्षार एकदम कमी झाले तर केसिंगला भोक पडून वरच्या थरातलं पाणी येतंय अशी शंका घ्या, ते मात्र सीरियस आहे, त्यावर खाली लिहिलंय.

यात एक भाषेची गंमत. मी नवीन असताना एका गुजराती ऑपरेटरने फोनवर सांगितलं, साहेब, पाणी मीठुं छे. मी मराठी माणूस, मीठ ऐकलं आणि लिहून टाकलं खारट, म्हणजे फॉर्मेशन वॉटर, काळजी नाही. गुजरातीत मीठुं पाणी म्हणजे गोडं पाणी! केसिंग लीक होतं ते. दोन दिवस फुकट गेले. तेव्हापासून फोनवर मी फक्त आकडा विचारतो. (आणि चव घेऊन बघणारे महाभाग मी बघितलेत, कृपया नको.)

जुनी फाइल काढा

वेलचा पूर्ण इतिहास एका कागदावर. तारखेनुसार तेल, पाणी, चोक (वेलचा प्रवाह आवळणाऱ्या छिद्राचा साइज), लिफ्ट गॅस किंवा पंपाचे स्ट्रोक, आणि त्याच कागदावर वर्कओव्हर कधी, ॲसिड कधी, शेजारचा इंजेक्टर कधी चालू झाला. निम्म्या वेळा उत्तर इथे दिसतं. ॲसिड जॉबनंतर आठवड्यात पाणी वाढलं तर ॲसिडने खालच्या पाण्याला वाट करून दिली. पंप मोठा केला आणि पाणी आलं तर जास्त ओढलंत.

पाणी-तेल गुणोत्तर आणि वेळ, दोन्ही लॉग स्केलवर मांडून त्याचा डेरिव्हेटिव्ह काढायची पद्धत १९९५ पासून सगळे वापरतात, चॅन प्लॉट म्हणून. डेरिव्हेटिव्ह वर गेला तर चॅनलिंग (पाणी मोकळ्या वाटेने थेट येणं), खाली उतरला तर कोनिंग (हे पुढे सांगतो) असं पोरं पाठ करून येतात. पण बरेच थर असलेल्या रिझर्व्हायरमध्ये चॅनलिंगही खाली उतरतं आणि कधी कोनिंगही वर जातं, हे नंतर सिम्युलेशन करून दाखवलेलं आहे, शिवाय आपला टेस्ट डेटा असा की डेरिव्हेटिव्ह म्हणजे नुसती रांगोळी दिसते. प्लॉट काढा, जरूर काढा, पण त्या एका प्लॉटवर रिग मागवू नका.

चोक आवळून बघा, मग बंद करून बघा

चोक एक साइज कमी करा, तीन-चार दिवस स्थिर होऊ द्या, टेस्ट घ्या. पाण्याचा टक्का उतरला तर बहुतेक कोनिंग. कोनिंग म्हणजे खालचं पाणी तेलापेक्षा जड, एरवी ते खाली बसून असतं, पण आपण वेलपाशी जोरात ओढलं की ते शंकूसारखं वर चढतं. ओढ कमी केली की वजनाने परत खाली बसतं. टक्का अजिबात हलला नाही तर पाणी स्वतःच्या वाटेने येतंय, थर वेगळा आहे किंवा सिमेंटमागून येतंय.

दुसरा प्रयोग, वेल चार-पाच दिवस बंद ठेवून परत चालू करायची. ट्यूबिंगमध्ये साचलेलं आधी बाहेर काढून टाकायचं, ते मोजायचं नाही. त्यानंतर काही वेळ पाणी कमी आणि मग हळूहळू जुन्या जागी आलं तर शंकू बसला होता. उलट, सुरुवातीलाच नेहमीपेक्षा जास्त पाणी आलं तर बंद असताना जास्त प्रेशरच्या थरातलं पाणी तेलाच्या थरात घुसत होतं, म्हणजे क्रॉसफ्लो. अशी वेल वारंवार बंद ठेवू नका, प्रत्येक शटडाउनला तेलाच्या थराचं नुकसान होतं.

उत्तर मेहसाण्याकडच्या बालोल, संथालसारख्या जड तेलाच्या फील्डचं गणित अजून वेगळं. तेल काकवीसारखं आणि पाणी पाण्यासारखं, पाणी बोटं फुटल्यासारखं पुढे पळतं. तिथे एकेका वेलवर उपचार करून फार हाती लागत नाही, म्हणूनच तिथे हवा आत पंप करून जमिनीखालीच तेलाचा थोडा भाग जाळायची पद्धत आणली. आपल्या पोस्टचा तो विषय नाही.

शेजारचा इंजेक्टर

याला फक्त परवानगी लागते, खर्च नाही. संशय असलेल्या इंजेक्टरचा रेट निम्मा करा किंवा दोन-तीन आठवडे बंद ठेवा आणि प्रोड्युसर बघत राहा. मधे फ्रॅक्चर किंवा पाणी सहज वाहू देणारा थर असेल तर काही दिवसांतच पाणी हलतं. तसं असेल तर इलाज इंजेक्टरच्या बाजूने करायचा, प्रोड्युसरच्या गळ्याला हात घालू नका. खात्री हवी असेल तर ट्रेसर (पाण्यासोबत सोडून पलीकडे ओळखता येणारा पदार्थ) सोडा, थोडे पैसे लागतात पण रिगपुढे चिल्लर.

केसिंग आणि ॲन्युलस

सगळ्या ॲन्युलसची (पाइपांमधल्या गोल पोकळ्यांची) प्रेशर रोज वाचून लिहिणं ऑपरेटरचं काम आहे पण रजिस्टरमध्ये महिनाभर एकच आकडा दिसला तर समजा गेज खराब आहे किंवा माणूस गेलाच नाही. एसआरपी वेलला इको मीटरने (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून) लिक्विडची लेव्हल घ्या, पंप तेवढाच चालू असताना लेव्हल बरीच वर आली तर कुठूनतरी जास्तीचं पाणी आत पडतंय. पॅकर (ट्यूबिंग आणि केसिंगमधलं सील) असेल तर ॲन्युलसची प्रेशर टेस्ट, धरलं नाही तर केसिंग, ट्यूबिंग नाहीतर पॅकर, तिघांपैकी एक गेलाय.

इथे थांबा, आपलं काम संपलं

इथपर्यंतचं सगळं फील्ड इंजिनिअर आणि ऑपरेटर मिळून करू शकतात. खालचं काही दिसलं तर थांबायचं, हिरोगिरी नको.

ॲन्युलसचं प्रेशर ब्लीड केलं आणि परत चढलं, किंवा सेलरमध्ये (वेलहेडभोवतीच्या खड्ड्यात) बुडबुडे, पाणी, वास. परत परत ब्लीड करत बसू नका, प्रत्येक वेळी खालून नवीन गॅस वर ओढून घेताय. वेल इंटिग्रिटीवाल्यांना बोलवा, त्याच दिवशी.

एचटूएसचा (हायड्रोजन सल्फाइड, विषारी गॅस) डिटेक्टर १० पीपीएमला वाजला की वारा जिकडून येतोय त्या बाजूला निघा. वर्षानुवर्षं पाणी इंजेक्ट केलेल्या फील्डवर बॅक्टेरियामुळे हा गॅस नंतर तयार होतो, "आपल्या फील्डला एचटूएस नाही" हे वीस वर्षांपूर्वी खरं असेल. आणि सडक्या अंड्याचा वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं नसतं, १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं.

वरच्या थरात केसिंग लीक. तिथे गावाच्या बोअरचं पाणी असतं. वेल बंद, वर कळवा, मग बाकीचं.

आणि लॉगिंग, सिमेंट, जेल यातलं काहीही. ही कामं सर्व्हिस कंपनी आणि वर्कओव्हर क्रूची, आपण फक्त त्यांना बरोबर प्रश्न विचारायचा.

त्यांना काय विचारायचं

पाणी कुठल्या खोलीवर आत येतंय यासाठी प्रॉडक्शन लॉग, म्हणजे स्पिनर (प्रवाहाने फिरणारा पंखा), डेन्सिटी, टेंपरेचर एकत्र. रेट कमी असेल किंवा वेल तिरकी असेल तर स्पिनर चक्क उलटं सांगतो, तेल वरच्या बाजूने सरकतं आणि पाणी खाली घसरून येतं. केसिंगच्या मागून येतंय असा संशय असेल तर टेंपरेचर आणि नॉइज लॉग, आणि पाणी वाहतंय का हे ऑक्सिजन ॲक्टिव्हेशन लॉगने कळतं. सिमेंट बाँड लॉग (केसिंगमागचं सिमेंट नीट धरलंय का ते दाखवणारा) खराब आला म्हणजे पाणी तिथूनच येतंय असा अर्थ नाही, खराब सिमेंटमागे कित्येकदा काहीच वाहत नसतं. एसआरपी वेलमध्ये रॉड असतात, तेव्हा लॉग करायचा तर पंप काढावाच लागतो, हा खर्च आधीच धरा.

इलाजांबद्दल थोडक्यात. पाण्याचा थर सगळ्यात खाली आणि मधे शेलचा (पाणी न जाऊ देणाऱ्या खडकाचा) जाड पडदा असेल तर ब्रिज प्लग (केसिंगमध्ये बसवायचं बूच) आणि वर सिमेंट, एकदम स्वस्त आणि पक्कं, असा जॉब मिळाला की मी खुश. पडदा नसेल तर तोच प्लग थोडे महिने चालतो, पाणी वळसा घालून येतं. केसिंगला मोठं भोक असेल तर सिमेंट स्क्वीझ (दाबाने सिमेंट घुसवणं) किंवा पॅच. बारीक फट असेल तर साधं सिमेंट आत शिरतच नाही, त्याचे मोठे कण १०० मायक्रॉनच्या घरातले, तिथे मायक्रोफाइन सिमेंट नाहीतर जेल.

आणि जेल. पॉलीॲक्रिलमाइड अर्ध्या टक्क्याच्या आसपास, क्रोमियम ॲसिटेट थोडं, ही बऱ्याच काळाची रेसिपी. फ्रॅक्चरमध्ये छान चालतं. साध्या कोनिंगवर मारू नका, मी दोनदा मारलंय, दोन्ही वेळा पाणी जेलला वळसा घालून आलं आणि तेलाची वाट मात्र बंद झाली. सर्व्हिसवाले बाटलीत जेल दाखवतात, 'ए' म्हणजे पातळ पाणी ते 'जे' म्हणजे खणखणीत घट्ट अशा ग्रेड असतात. बाटली बघून टाळ्या वाजवू नका, दोनच प्रश्न विचारा. टेस्ट आपल्याच मिक्सिंग वॉटरमध्ये केली का? आणि आपल्याच रिझर्व्हायरच्या तापमानाला ओव्हनमध्ये किती दिवस ठेवली? ७५-८० अंशांच्या पुढे पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर पॉलिमर हळूहळू खराब होतं, आणि पहिल्या दिवशी 'जे' ग्रेडचं असलेलं जेल महिन्याने आक्रसून पाणी सोडतं. मी एक बाटली ऑफिसच्या खिडकीत ठेवलीय, तळाला सुपारीएवढा गोळा आणि वर नितळ पाणी, जेलचं प्रपोजल घेऊन येणाऱ्याला आधी ती हातात देतो.

जॉब झाल्यावर पहिल्या टेस्टवर कुणाला फोन करू नका. किल फ्लुइड आत गेलेलं असतं ते आधी परत येणार, जितके घनमीटर पंप केले तितके परत आले का याचा हिशोब ठेवा, पोटॅशियम उतरतंय का बघा, मग टेस्ट. त्या रात्रीच्या पोराने काल बाटल्या पाठवल्यात, पाच, वेळ लिहिलेल्या. तीन नंबरच्या बाटलीत ६० टक्के आहे, पाच नंबरला ९४. वेल स्लग करतेय, आता आधी लिफ्ट गॅसचं बघायला सांगितलंय.